गर्भारपणातील गोळ्या : या चुका टाळा

खटाव तालुक्यातील उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून काम करताना सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक म्हणजे लोह आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेणे. एका पहिलटकरणीचे हिमोग्लोबिन ८.४ होते, डॉक्टरांनी लोहाच्या रोज दोन गोळ्या सांगितल्या होत्या आणि ती त्या नेमाने घेत होती, तरीही महिनाभरात आकडा हलला नाही. घरच्यांनी सरकारी गोळ्यांनाच दोष दिला. अखेर मी सकाळी तिच्या घरी जाऊन बसले, तेव्हा सासूबाईंनी लाल आणि पांढऱ्या गोळ्या विसरू नयेत म्हणून एकदमच सुनेच्या हातावर ठेवल्या आणि सोबत चहा दिला. हेतू मायेचाच होता. परंतु कॅल्शियम आणि चहा, दोन्ही लोहाचे शोषण अडवतात. मी कॅल्शियम न्याहारीनंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, तर लोह संध्याकाळी पाचला आणि रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितले. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवेच. दोन महिन्यांनी तिचे हिमोग्लोबिन १०.२ झाले.

पंधरा दिवसांत फरक दिसत नाही म्हणून ‘ताकदीची सलाईन’ मागणाऱ्यांचा मला खेद वाटतो. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. शिरेतून लोह कधी द्यायचे, हे डॉक्टर तपासणीवरून ठरवतात.

दुसरी चूक फॉलिक ॲसिड उशिरा सुरू करण्याची. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याची खात्री होईपर्यंत बहुतेक काम उरकलेले असते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून घ्यावी. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर मोठी मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

लोहाच्या गोळीने शौच काळी होते म्हणून ती बंद करू नये. कोणाच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन ए ची जास्त मात्रा घेऊ नये. त्याने गर्भात व्यंग येऊ शकते.

बाळाला रोज व्हिटॅमिन डी चे ४०० युनिट द्यावेत, मात्र बाटलीवरील आकडा वाचूनच : एका मिलिलिटरमध्ये ८०० युनिट असतील तर अर्धाच मिलिलिटर पुरे.