पुण्याहून कुत्रा-मांजर युरोपला नेताना : आधी मायक्रोचिप, मग लस

युरोपीय संघातील देशांत पाळीव कुत्रा किंवा मांजर न्यायचे असल्यास तयारी किमान पाच-सहा महिने आधी सुरू करावी. प्रथम १५ अंकी ओळखक्रमांक असलेली, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची मायक्रोचिप प्राण्याच्या त्वचेखाली बसवावी आणि त्यानंतरच रेबीजची लस द्यावी, कारण चिपच्या आधी दिलेली लस तेथे ग्राह्य धरली जात नाही. पुण्यातील बहुतेक प्राण्यांचे लसीकरण लहानपणीच झालेले असल्याने नेमकी येथेच गफलत होते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी घेतलेल्या रक्तनमुन्यात, संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेच्या तपासणीनुसार, रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) प्रमाण ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रतिमिलीलिटर किंवा अधिक असावे लागते, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. रेबीजची पुढची लस आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वीच द्यावी. निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र मात्र प्रवासाच्या तोंडावर केंद्रीय पशु संगरोध (क्वारंटाइन) सेवेकडून घ्यावे.