क्विल्ट गिल्डच्या सोबतीने पहिली क्विल्ट: पाव इंच मायेपासून गोटापर्यंत

पहिली क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेली तीन थरांची गोधडी, घरी एकट्याने पूर्ण करावी आणि हात बसल्यावर क्विल्ट गिल्डच्या, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळाच्या, बैठकीला जावे, असा क्रम बहुतेक नवशिके मनाशी ठरवतात. माझा आग्रह नेमका उलट क्रमाचा आहे. एकट्याने शिवताना मापात होणारी चूक प्रत्येक तुकड्यात सारखीच होत राहते, त्यामुळे तुकडे आपसात जुळतात आणि ती चूक दिसतच नाही. दुसऱ्या सभासदाच्या ब्लॉकला, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या चौकोनाला, आपला ब्लॉक जोडायची वेळ आली की मात्र ती तत्काळ उघडी पडते. म्हणून कापड कापण्यापूर्वी गिल्डच्या एकदोन बैठकींना पाहुणे म्हणून बसावे, सभासद आपापले काम दाखवतात तेव्हा क्विल्टची मागची बाजूही पाहावी, आणि मगच पुढील कामाला हात घालावा.

मापात बसणारा आराखडा निवडा

पहिल्या कामासाठी पलंगभर क्विल्ट घेऊ नये. सुमारे ३६ इंच लांबी-रुंदीची चौरस क्विल्ट बाळासाठी किंवा मांडीवर घेण्यासाठी पुरते, घरगुती शिलाई मशीनखाली सहज फिरवता येते आणि तिच्यात सर्व पायऱ्या शिकून होतात. नऊ तुकड्यांचा ब्लॉक, म्हणजे नाइन पॅच, यासाठी उत्तम आहे. प्रत्येक ओळीत ५ ब्लॉक आणि अशा ५ ओळी धराव्यात. १३ ब्लॉक नाइन पॅचचे आणि १२ साधे चौकोन, एकाआड एक. ब्लॉक जोडण्यापूर्वी मायेसह, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेल्या कापडासह, ६.५ इंचांचा असतो आणि चारही बाजूंनी शिवल्यावर ६ इंचांचा होतो, त्यामुळे मधला भाग ३० इंचांचा भरतो आणि चारही बाजूंना ३ इंचांची किनार लावली की ३६ इंच पूर्ण होतात.

कापड धुवा, पारखा, कापा

घट्ट विणीचे शंभर टक्के सुती कापड घ्यावे. ते धुतल्यावर थोडे आटते आणि गडद लाल किंवा निळा रंग शेजारच्या फिक्या तुकड्यावर उतरू शकतो, म्हणून गडद कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर घासून पाहावा. शंका वाटल्यास सर्व कापड आधीच धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. काही अनुभवी सभासद न धुतलेल्या कापडाचा कडकपणा पसंत करतात, आणि तोही मार्ग योग्यच आहे. फक्त एकाच क्विल्टमध्ये धुतलेले व न धुतलेले कापड मिसळू नये.

साधारण ४२ ते ४४ इंच पन्ह्याच्या कापडाचे दोन्ही काठ काढून टाकले की किमान ४० इंच रुंदी हाती राहते, असे धरून हिशेब करावा. नाइन पॅचसाठी २.५ इंच रुंदीच्या, पूर्ण पन्ह्याच्या गडद ५ आणि फिक्या ४ पट्ट्या कापाव्यात. साध्या चौकोनांसाठी ६.५ इंचांच्या दोन पट्ट्या कापल्या, की प्रत्येकीतून ६ चौकोन निघतात. किनारीसाठी ३.५ इंचांच्या ४ आणि गोटासाठी, म्हणजे शेवटी क्विल्टच्या कडा झाकणाऱ्या पट्टीसाठी, २.५ इंचांच्या ५ पट्ट्या आताच कापून वेगळ्या ठेवाव्यात. गोटाला चार पट्ट्या पुरतीलशा वाटतात, परंतु तिरक्या जोडांत बरीच लांबी जाते, म्हणून पाचवी हवीच.

कापण्यासाठी रोटरी कटर, जाड पारदर्शक पट्टी आणि कटिंग मॅट वापरावी. ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ मध्ये हे फिरत्या पात्याचे साधन आणल्यानंतर एकेक तुकडा आखून कात्रीने कापण्याचे बरेच श्रम वाचले. पाते अतिशय धारदार असते. प्रत्येक काप झाल्याबरोबर त्यावरचे झाकण लावण्याची सवय पहिल्याच दिवसापासून जडवावी.

पाव इंच माया तपासून घ्या

या संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे, आणि तिच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. क्विल्टच्या शिवणीला सर्वत्र पाव इंच माया धरतात. परंतु शिवण उघडून एका बाजूला दाबली की कापड वळते आणि त्या वळणात एकदोन धाग्यांची रुंदी जाते. म्हणून प्रत्यक्षात पाव इंचाहून किंचित कमी माया घेऊन शिवावे लागते. मशीनच्या प्रेसर फूटवर, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायावर, पाव इंचाची खूण असली, तरी तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण सुईची जागा मशीनगणिक थोडी बदलते.

चाचणी सोपी आहे. १.५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवाव्यात, शिवणी इस्त्रीने दाबाव्यात आणि पट्टी ठेवून मोजावे. पूर्ण रुंदी ३.५ इंच आणि मधल्या पट्टीची रुंदी बरोबर १ इंच भरली पाहिजे. मधली पट्टी अरुंद भरली तर माया जास्त जात आहे, रुंद भरली तर कमी. सुई एक खूण सरकवून किंवा मशीनच्या पाटीवर रंगीत टेपची रेघ बसवून पुन्हा शिवावे, आणि माप बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नये.

इतका काटेकोरपणा कशासाठी, हे आकड्यांतून समजते. माया इंचाचा सोळावा भाग, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, जास्त गेली तर शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड तेवढे कमी होते. एका शिवणीत इंचाचा आठवा भाग जातो. नाइन पॅचच्या एका ओळीत अशा दोन शिवणी असतात, म्हणून ६.५ इंचांचा व्हायचा ब्लॉक ६.२५ इंचांचा होतो. शेजारचा साधा चौकोन मात्र ६.५ इंचांचाच असतो. मग तो ताणून-ओढून बसवावा लागतो आणि क्विल्टवर कायमची लहर उमटते.

ब्लॉक शिवा आणि शिवणी दाबा

गडद-फिकी-गडद अशा तीन पट्ट्यांचे दोन संच आणि फिकी-गडद-फिकी असा एक संच शिवावा. टाक्याची लांबी २ ते २.५ मिलिमीटर ठेवावी. प्रत्येक शिवण गडद कापडाच्या बाजूला दाबावी. इस्त्री कापडावर पुढे-मागे न ओढता उचलून ठेवावी, नाहीतर पट्टी धनुष्यासारखी वाकते. मग हे संच आडवे २.५ इंचांवर कापावेत. पहिल्या प्रकारचे २६ आणि दुसऱ्या प्रकारचे १३ तुकडे लागतात, कारण प्रत्येक ब्लॉकमध्ये वर व खाली पहिल्या प्रकारचा आणि मध्ये दुसऱ्या प्रकारचा तुकडा येतो.

गडद बाजूला दाबल्याचा लाभ आता दिसतो. वरच्या तुकड्याच्या शिवणी बाहेर वळलेल्या आणि खालच्या आत वळलेल्या असल्यामुळे दोन्हींचे उंचवटे एकमेकांत अडकतात आणि बोटांना ते अगदी स्पष्ट जाणवते. अडकल्याची खात्री झाली की तिथे टाचणी लावून शिवावे. सुई टाचणीपर्यंत आली की टाचणी काढावी. पुढे ब्लॉक एकमेकांना जोडताना शिवणी नेहमी साध्या चौकोनाकडे दाबल्या, तर ओळींचे सांधेही आपोआप जुळतात. किनारीचे माप घेताना क्विल्टच्या कडेवर न मोजता मध्यावरून मोजावे, कारण हाताळण्यामुळे कडा सैल होऊन वाढलेली असते.

तीन थर एकत्र करा

अस्तर, म्हणजे मागचे कापड, आणि मधला मऊ थर, म्हणजे बॅटिंग, चारही बाजूंना वरच्या थरापेक्षा २ इंच मोठे ठेवावे. ही क्विल्ट लाँगआर्म मशीनवर, म्हणजे चौकटीवर ताणून टीप घालणाऱ्या मोठ्या मशीनवर, शिवून घ्यायची असेल, तर सहसा ४ इंच जास्त लागतात, आणि मग अस्तर जोडून घ्यावे लागते. अस्तर उलटे पसरून टेपने टेबलावर चिकटवावे, त्यावर बॅटिंग आणि त्यावर वरचा थर सुलटा ठेवावा. मध्यापासून बाहेर सरकत दर ४ इंचांवर सेफ्टी पिन लावावी. हे काम गिल्डच्या सामूहिक शिवण-दिवशी करावे, असे मी मनापासून सुचवेन: लांबलचक टेबले मिळतात, चार हात लागतात आणि अस्तराला पडलेली सुरकुती दुसऱ्याच्या नजरेला आधी दिसते.

तिन्ही थरांतून टीप घालताना मशीनला वॉकिंग फूट, म्हणजे सर्व थर एकदम पुढे सरकवणारा पाय, लावावा, टाका सुमारे ३ मिलिमीटरचा ठेवावा आणि मधल्या रेघेपासून सुरुवात करावी. नाइन पॅचच्या चौकोनांतून जाणाऱ्या तिरक्या रेघा नवशिक्यासाठी पुरेशा आहेत. दोन रेघांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल, हे बॅटिंगच्या वेष्टनावर लिहिलेले असते आणि ते पाळावेच, अन्यथा धुतल्यावर आतला थर सरकतो. हाताने धावदोरा घालायचा असेल तर अंगुस्तान वापरावे.

गोट लावा

गोटाच्या पट्ट्या तिरक्या जोडून एक लांब पट्टी करावी, ती उभी दुमडून इस्त्री करावी आणि तिच्या उघड्या कडा क्विल्टच्या सुलट बाजूच्या कडेशी जुळवून शिवावे. कोपरा येण्यापूर्वी पाव इंच थांबून टाका पक्का करावा. पट्टी सरळ वर दुमडावी, म्हणजे ४५ अंशांची घडी पडते. मग ती पुढच्या कडेवर खाली आणून अगदी वरच्या टोकापासून शिवण पुन्हा सुरू करावी. मागच्या बाजूला गोट वळवून हाताने तुरपाई केली की कोपरा नेटका बसतो.

गिल्डच्या ब्लॉक अदलाबदलीत भाग घ्या

पाव इंचाची परीक्षा खऱ्या अर्थाने येथे होते. अदलाबदलीत प्रत्येक सभासद ठरलेल्या मापाचे व रंगसंगतीचे ठरावीक ब्लॉक शिवून आणतो आणि तितकेच इतरांचे घेऊन जातो. ब्लॉक देण्यापूर्वी तो मोजावा. ६.५ इंचांचा ब्लॉक किंचित मोठा भरला तर छाटता येतो, परंतु लहान भरला तर उसवून पुन्हा शिवावा. तो तसाच पुढे ढकलू नये, कारण त्याचा त्रास ज्याच्या वाट्याला जाईल त्याला होईल. पाळीव प्राण्यांचे केस, तीव्र वासाची साबणे आणि धूर यांपासून ब्लॉक जपावा.

ठरलेल्या मापाची ताकद किती मोठी असते, हे एड्सने मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ शिवलेल्या एड्स स्मृती क्विल्टमध्ये दिसते. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी ती वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर प्रथम मांडली गेली, तेव्हा तिच्यात १,९२० पटल, म्हणजे एकेका व्यक्तीच्या नावाने शिवलेले आयताकृती कापडी भाग, होते. पटल शिवणारे बहुतेक जण एकमेकांना ओळखतही नव्हते. तरीही प्रत्येक पटलाचे माप ३ फूट बाय ६ फूट ठरलेले असल्यामुळे असे आठ पटल जोडून १२ फुटांचा चौरस करता आला.

अदलाबदलीनंतर राउंड रॉबिन करून पाहावे. यात आपला मधला ब्लॉक क्रमाने प्रत्येक सभासदाकडे जातो आणि प्रत्येक जण त्याभोवती एक किनार जोडतो. आपल्याला काय नको आहे, ते सोबतच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहावे आणि बाकीचा निर्णय खुशाल इतरांवर सोपवावा. दुसऱ्याच्या कामावर मत देताना आधी त्याला विचारावे; विचारल्यावर "ही शिवण कुठे दाबली होती?" असे नेमके बोलावे, कारण नुसते "छान आहे" म्हटल्याने कोणाचे काम सुधारत नाही.

प्रदर्शनाची तयारी

क्विल्ट गिल्डच्या प्रदर्शनात टांगायची असेल, तर गोट लावण्यापूर्वीच मागे वरच्या कडेला कापडी नळी बसवावी. ९ इंच रुंदीची आणि क्विल्टच्या रुंदीपेक्षा दोनेक इंच कमी लांबीची पट्टी घ्यावी, आखूड टोके दुमडून शिवावीत, पट्टी उभी दुमडून तिच्या उघड्या कडा वरच्या कडेशी जुळवाव्यात आणि त्या गोटाच्या शिवणीतच पकडाव्यात. खालची घडी हाताने टाचताना नळीला अर्धा इंच सैल ठेवावे, म्हणजे आत दांडा घातल्यावर फुगवटा मागे राहतो आणि समोरची बाजू सपाट दिसते. टाके फक्त अस्तर व बॅटिंगमधून जावेत. खालच्या कोपऱ्यात सुती लेबल लावून त्यावर कापडाच्या पक्क्या शाईने आपले नाव, वर्ष, माप आणि अदलाबदलीत ज्यांचे ब्लॉक आले त्या सर्वांची नावे लिहावीत.