उंच कॅच शिकवताय? आधी हात विसरा

नव्याने क्रिकेट कोचिंगला उतरलेल्यांसाठी हे लिहितोय. ग्रिप, स्टान्स, थ्रो वगैरे तुम्हाला येतंच, त्यामुळे त्यात जात नाही. फक्त उंच कॅचबद्दल बोलू, कारण तो बहुतेक मैदानांवर चुकीचा शिकवला जातो आणि नंतर पोराला बोल लावला जातो.

नेहमीचा प्रकार असा. कोच पाच पावलांवर उभा राहून चेंडू हाताने वर फेकतो, पोरगा तो झेलतो, ‘शाबास’ मिळते. असे वीस कॅच झाले की वहीत ‘हाय कॅच झाले’ अशी नोंद. रविवारी मॅचला तोच पोरगा डीप मिडविकेटला उभा असतो. फटका बसतो, तो तीन पावलं आत धावतो आणि चेंडू डोक्यावरून सीमारेषेपार. सगळे म्हणतात, हात कच्चे आहेत. हातांपर्यंत चेंडू आलाच कुठे होता?

हाच खरा सापळा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. साधारण २० मीटर उंच गेलेला चेंडू वर जायला दोन सेकंद आणि खाली यायला दोन सेकंद घेतो. हातात येताना त्याचा वेग ताशी ६५-७० किलोमीटर असतो. या चार सेकंदांतला पहिला सेकंद कॅच ठरवतो, शेवटचा फक्त तो पूर्ण करतो. हाताने फेकलेल्या चेंडूत हा पहिला सेकंद नसतोच. चेंडू कुठे पडणार हे कोचच्या हातावरूनच कळतं. म्हणजे पोरगा वीस वेळा शेवटचा अर्धा सेकंद शिकला आणि अंदाज एकदाही शिकला नाही.

सगळ्यात अवघड असतो अंगावर सरळ येणारा चेंडू. बाजूला जाणाऱ्या चेंडूची कमान दिसते. सरळ येणारा नुसता ठिपक्यासारखा वर चढत राहतो. अशा वेळी पोराला एकच गोष्ट शिकवा: फटका बसला की क्षणभर थांब आणि चेंडू नजरेत कसा सरकतोय ते बघ. नेमका तुमच्या जागेवर येणारा चेंडू नजरेत एका लयीत वर चढत राहतो. चढता चढता मंदावला आणि नजर खाली घ्यावी लागली, तर तो पुढे पडणार. चढायचा वेग वाढत जाऊन मान मागे पडू लागली, तर तो डोक्यावरून जाणार. सेव्हिल चॅपमन या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने १९६८ मध्ये बेसबॉलसाठी हे गणित मांडलं होतं. पोराला गणित नको, बॅटवरून आलेले चेंडू हवेत.

चेंडू मागे जातोय असं दिसलं की उलट्या पावलांनी मागे सरकायचं नाही. अजिबात नाही. टाचांवर भार येतो, डोकं हलतं, चेंडू डोळ्यांसमोर थरथरतो आणि शेवटी पोरगा पाठीवर पडतो. कंबर वळवायची, अंग एका बाजूला वळवून धावायचं आणि खांद्यावरून बघायचं. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर वर्ल्ड कप फायनलमध्ये मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने ३३ धावांवर फटका उंच मारला आणि कपिल देव मिडविकेटवरून मागे धावला. तो व्हिडिओ पोरांना दाखवा, पण हातांकडे नाही, फक्त पायांकडे बघायला सांगा.

सरावाची सुरुवात कॅच न घेता करा. टेनिस बॉल आणि टेनिसची रॅकेट घ्या. रॅकेटने उंची हवी तशी देता येते. बारा वर्षांखालच्यांना १५-२० मीटरवर उभं करा, हात पाठीमागे. चेंडूखाली पोहोचायचं आणि तो आपल्यापासून एका पावलाच्या आत पडू द्यायचा, बस्स. दर तिसरा चेंडू मुद्दाम डोक्यावरून मारा. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन आठवडे काहीच सुधारणा दिसली नाही तरी घाबरू नका. अंदाज असाच येतो, बराच वेळ काही दिसत नाही आणि मग एकदम दिसतो.

हातांचं काम मात्र टेनिस बॉलवर करू नका, हे माझं ठाम मत आहे. तो हलका, हातातून उडतो आणि पोरगा झडप घालायला शिकतो. सीझन बॉलच, म्हणजे चामड्याचा कडक चेंडूच हवा, पण वयाप्रमाणे: तेरा वर्षांखालच्यांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा, मोठ्या पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. अकरा वर्षांच्या पोराला मोठा चेंडू देऊन ‘धीट बनवतोय’ म्हणू नका. एकदा ओठ फुटला की ती भीती वर्षानुवर्षं जात नाही.

बोटं वर की खाली, यावर फार वाद घालू नका. खाली असतील तर करंगळ्या जुळलेल्या, वर असतील तर अंगठे जुळलेले. वाईट असतं ते शेवटच्या क्षणी बदलणं, कारण तेव्हा बोटांची टोकं चेंडूकडे होतात आणि बोट निखळतं. कोपरं बरगड्यांना चिकटली की चेंडू आपटून बाहेर जातो. ती सैल ठेवून चेंडू छातीकडे किंवा खांद्याकडे आत घ्यायचा. आणि हात उशिरा वर न्यायचे. हात वर धरून धावलं की वेग कमी होतो आणि चेंडूही झाकला जातो.

हाक नावाने द्यायला शिकवा. आझाद मैदानावर एका मॅचचा लाँगऑन दुसऱ्या मॅचच्या पॉइंटजवळ उभा असतो. तिथे ‘माझा!’ ओरडलं तर कोणाचा, कुठल्या मॅचमधला, काही कळत नाही. ‘रोहन!’ म्हटलं की बाकीचे आपोआप बाजूला होतात. १९४८ पासून भर पावसात चालणाऱ्या मुंबईतल्या कांगा लीगसाठी आणखी एक: गवत वाढलेलं आणि ओलं असतं, त्यामुळे शेवटची तीन-चार पावलं छोटी टाकायची, नाहीतर चेंडूखाली पोहोचूनही पाय सरकतो. ऊन डोळ्यांवर असेल तर पंजाने सूर्य झाकून चेंडू पंजाच्या कडेने बघायचा.

२०२४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये सूर्यकुमारने लाँगऑफला मिलरचा जो कॅच सीमारेषेवर आत-बाहेर करून घेतला, तो प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी करून बघायचा असतो. करू देऊ नका. धावताना चेंडू आणि सीमारेषेची दोरी यांचा एकत्र अंदाज येत नाही, तोवर ती नुसती नक्कल होते आणि घोटा मुरगळतो.

कोणाकडून शिकावं? गगनाला भिडणारे फटके मारून पोरांवर छाप पाडणारे सिनियर खूप भेटतील. त्यांच्यापेक्षा फटका मारल्यावर चेंडूकडे न बघता पोराच्या पायांकडे बघणाऱ्या सरांच्या शेजारी महिनाभर उभे राहा. तुमचा स्वतःचा फटका कच्चा असेल तर तो एकट्याने वेगळा सराव करून पक्का करा; पोरांच्या वेळेत नको.

एका सत्रात प्रत्येकाला दहा-बारा चांगले चेंडू पुरेत. मान अवघडली की डोळे आपोआप मिटायला लागतात. कॅच सुटला तर पुढचा चेंडू लगेच, पण निम्म्या उंचीचा द्या आणि तो हातात बसल्यावरच रांगेत पाठवा. संध्याकाळी लाल चेंडू झाडांच्या रेषेवर दिसेनासा झाला की उंच कॅच तिथेच बंद करून जमिनीवरचे चेंडू घ्या.