मुंबईच्या बाथरूमला फ्रेंच खेड्याचा बाज

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सकडच्या जुन्या घरांतला चुन्याचा पांढरा, लव्हेंडरचा फिका जांभळा, लाकूड आणि पितळ आपल्या छोट्या बाथरूममध्येही सुरेख दिसतं. पाय असलेल्या बाथटबचा नाद सोडा. कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ ठेवा. टाइल्स दुधाळ पांढऱ्या, मॅट घ्या.

खर्च करायचा तो आरशावर. चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुन्या नक्षीदार लाकडी चौकटी मिळतात. घासाघीस कराच, पण आधी चौकट उलटी करून वाळवीची भोकं नाहीत ना, ते बघा. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड मागून ओल धरतं आणि फुगतं, म्हणून मागच्या बाजूलाही पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात द्या आणि भिंतीपासून बोटभर फट ठेवून टांगा.

बेसिनखालचे पाइप झाकायला पांढऱ्यावर एकाच रंगात खेड्यातली दृश्यं छापलेला सुती पडदा लावा. ही छपाई फ्रान्समधल्या जुई गावच्या 1760 साली निघालेल्या कारखान्यामुळे गाजली. आलटूनपालटून धुता यावेत म्हणून पडद्याचे दोन जोड शिवा, नाहीतर जुलैत बुरशीचे ठिपके ठरलेले. लव्हेंडरचं रोप इथल्या दमटपणात कुजतं. वाळलेल्या फुलांची पुरचुंडी टॉवेलांच्या कपाटात ठेवा.