घराच्या डीबीसाठी एमसीबी कशी निवडावी: आधी वायर बघा

"एमसीबी सारखी पडते ना, मग मोठी टाकून द्या." हा सल्ला देणाऱ्याला डीबीला, म्हणजे घरातल्या वीज वाटपाच्या पेटीला, हात लावू देऊ नका. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, आणि ती असते भिंतीतल्या वायरसाठी. वायर तापून जळायच्या आत ती पडली पाहिजे, आणि निवडायची तीही याच हिशोबाने.

लोड काढणं सोपं आहे. वॅटला २३० ने भागा. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, दीड टनाचा एसी साधारण सात ते नऊ.

खरी गोची वायरीत होते. पाइपातून गेलेल्या तांब्याच्या वायरसाठी माझा हिशोब ठरलेला आहे: दीडच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या) वायरला १०, अडीचला १६, चारला २५, सहाला ३२ अँपिअर. लोड एमसीबीच्या आकड्याच्या आत, आणि एमसीबी वायरच्या ताकदीच्या आत. पण कोणती वायर? डीबीत दिसते ती नाही. त्या सर्किटवरची सगळ्यात बारीक वायर.

मी स्वतः इथेच चुकलो होतो. बहिणीच्या घरी मे महिन्यात १६ ची एमसीबी दुपारी पडायची. डीबीत चारची वायर दिसली, म्हणून मी २५ ची बसवली. एमसीबी पडायची थांबली, सगळे खूश. पुढच्या उन्हाळ्यात बेडरूमच्या बोर्डातून जळकट वास यायला लागला. प्लेट खोलली तर आत चारच्या वायरीला अडीचचा तुकडा पिळून जोडलेला, आणि त्यावर दोन खोल्यांचे दोन एसी आणि इस्त्री. लाल वायर जोडाजवळ चिंचेसारखी काळपट झाली होती. बोटाने वाकवली तसं इन्सुलेशन तडकून तांबं उघडं पडलं. तीच वायर भिंतीतून मुलांच्या पलंगामागून गेली होती.

२५ ची एमसीबी २५ ला लगेच पडत नाही, हेही लक्षात ठेवा. २८ अँपिअरवर ती तासभर टिकते, आणि ३६ ला पडायला तासाच्या आत कितीही वेळ घेऊ शकते. तेवढा वेळ अडीचची वायर भाजत राहते. म्हणून प्रत्येक बोर्ड उघडून वायरवर छापलेलं माप वाचा. एमसीबी पडत असेल तर आधी स्क्रू ढिला आहे का बघा, कारण ढिल्या जोडाची उष्णता एमसीबीत जाते आणि ती लवकर पडते. मग लोड वाटून घ्या. बहिणीकडे शेवटी दुसऱ्या एसीला डीबीपासून वेगळी वायर ओढली आणि १६ ची एमसीबी परत बसवली.

आता कर्व्ह, म्हणजे करंट किती पट उसळला की एमसीबी झटक्यात पडते त्याचा प्रकार: बी, सी किंवा डी. एसी, फ्रिज, पंप यांना सी, कारण मोटर सुरू होताना करंट उसळतो. दिवे आणि गिझरला बी चालते. घरात डी नको: १६ ची डी एमसीबी झटक्यात पडायला ३२० अँपिअरपर्यंत करंट लागू शकतो, आणि लांबच्या वायरीवर शॉर्ट झाला तर तेवढा मिळेलच असं नाही.

चौकोनात १०००० छापलेली, म्हणजे १० केएची (शॉर्टचा १०००० अँपिअरपर्यंतचा करंट तोडू शकणारी) आणि आयएसआय मार्कची घ्या. सोसायटीच्या आवारातच ट्रान्सफॉर्मर असेल तर यात तडजोड नको.

मेनला डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी), आणि सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच. माणसाला शॉक बसला तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबीचा अँपिअर आकडा मेन एमसीबीपेक्षा कमी नसावा.

बसवल्यावर सगळा लोड तासभर चालू ठेवा आणि एमसीबीच्या तोंडावर बोटं टेकवून बघा. कोमट लागली तर ठीक. एखादी शेजारणीपेक्षा जास्त तापली असेल तर मेन बंद करून तिचे स्क्रू पुन्हा आवळा.