शेजारच्या घरात खायचे वांदे असतील तर काय करायचं

आधी ओळखायचं कसं ते सांगते. अशा घरात स्वयंपाक होतच नाही असं नसतं हो, होतो, पण दुपारी पोरांना चहात बुडवून बटर आणि रात्री रेशनचा भात नि पाण्यासारखी आमटी, ज्वारी परवडत नाही म्हणून भाकरी कधीतरीच, आणि बाई सगळ्यांच्या शेवटी बसते, पातेल्यात उरलं तर खाते. "जेवलात का" विचारलं तर हो असंच म्हणणार, त्यापेक्षा बोलता बोलता विचारा की डाळ शेवटची कधी शिजवली, तेल कधी आणलं.

आळशीपणा वगैरे काही नसतो यात, लोक उगाच बोलतात. विडीवाल्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी, काम रोज मिळेलच असं नाही, ठेकेदारानं दिलेलं विडीचं पान खराब आलं तर कमी पडलेलं पान स्वतःच्या पैशानं आणायचं, नवरा यंत्रमागावर असला तर माग बंद की पगार बंद. वर खोलीभाडं नि गटातून काढलेल्या कर्जाचा हप्ता. हप्ता चुकला की वसुलीवाला दारात येऊन बसतो, जेवण चुकलं तर कोण विचारायला येत नाही, मग कात्री जेवणालाच लागते. आणि पोट रिकामं, अंगात रक्त कमी, त्यात बोटं चालत नाहीत, विड्या कमी होतात, मजुरी अजून कमी. पोरगं पहिल्याच तासाला पेंगतं.

किराणा जरूर द्या, पण त्याच दिवशी रेशनकार्ड मागून बघा, माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिथंच पडतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डाला महिन्याला घरामागे 35 किलो धान्य असतं, पण प्राधान्य म्हणजे बाकीच्या गरीब घरांच्या कार्डावर माणशी 5 किलो मिळतं, म्हणजे नावं मोजून. घरात खाणारी पाच आणि कार्डावर नावं तीन असतील तर दर महिन्याला 10 किलो धान्य हातचं जातं. धाकट्याचं नाव चढवायचं राहिलेलं असतं, सून आली तिचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं. जन्मदाखला, आधार घेऊन पुरवठा ऑफिसला तुम्ही सोबत जा, कारण एकटी गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडते नि परत पाठवलं की ती पुन्हा जात नाही. इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरलेला आकडा, संपला म्हटले तरी अर्ज द्याच, पोच घ्या. कार्डावरच्या सगळ्यांची केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालीय का तेही बघा. दुकानदार धान्य कमी देत असेल तर 1967 ला फोन करा. कर्नाटकातून आलेल्यांनाही तिकडच्या कार्डावर इथं महाराष्ट्रात धान्य मिळू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सहा वर्षांखालचं लेकरू, गरोदर किंवा पाजती बाई असली तर अंगणवाडीत नाव घाला, तिथला आहार त्यांच्या हक्काचा आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड टेपनं मोजून घ्या, 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला तर थांबू नका, सरळ सरकारी दवाखान्यात न्या. भरती करायला सांगितलं की मजुरी बुडेल म्हणून आई नको म्हणते, तेव्हा मोठ्या पोरांना तेवढे दिवस तुमच्याकडे जेवायला ठेवून घ्या म्हणजे तिला तिथं राहता येईल.