सीट पिकअपमध्ये, हेल्मेट पिशवीत

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली बरीच वर्षं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला बँकेच्या आयटीत नोकरी करतो आणि उन्हाळ्यातले बहुतेक शनिवार जवळच्या हिकरीच्या ट्रॅकवर एका छोट्या लेट मॉडेल (स्थानिक ट्रॅकवर धावणाऱ्या रेस गाड्या) टीमचे टायर मोजण्यात घालवतो. नॅसकार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या रेस गाड्यांची, स्पर्धा. तिच्या बहुतेक टीमची वर्कशॉप शार्लटच्या आसपास, मूर्सव्हिल आणि कॉनकॉर्डकडे आहेत. त्यामुळे इथल्या मराठी घरांतली पोरं कार्टिंगला जायला लागली की आईवडील मला विचारतात, "याला स्टॉक कार ड्रायव्हर व्हायचंय, पुढे काय?" त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रॉफी उचलणारा असतो. मी त्यांना पंचविसाव्या नंबरवर येणाऱ्या माणसाबद्दल सांगतो, कारण पोरगं खरंच या धंद्यात टिकलं तर बहुधा तोच होणार आहे.

कप या नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेत वर्षाला गुणांच्या ३६ शर्यती होतात आणि दर शर्यतीत ३६ ते ४० गाड्या असतात. जिंकणारे तेच ते पंधरा-वीस जण. उरलेल्यांत जो गाडी चालवूनच घर चालवतो, दर दोन-तीन वर्षांनी टीम बदलतो आणि बोलावणं आलं की जातो, त्याला इथे जर्नीमन म्हणतात. आपल्या क्रिकेटमध्ये पद्माकर शिवलकर प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही कसोटी खेळले नाहीत, पण त्यांच्या कसबाबद्दल कुणाला शंका नव्हती. तसा आदर या ड्रायव्हरांनाही मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

डेव्ह मार्सिस हा त्यातला मोठा माणूस. विस्कॉन्सिनचा. १९६८ ते २००२ अशी पस्तीस मोसमं, ८८३ शर्यती आणि विजय ५. शेवटचा विजय १९८२ साली रिचमंडला, म्हणजे त्यानंतर वीस वर्षं तो न जिंकता धावला. स्वतःची टीम, मोजकी माणसं, आणि पायात चामडी तळव्याचे ऑफिसला घालतात तसे बूट, कारण गाडीची फरशी तापून पाय भाजायचे. जे. डी. मॅकडफी तर ६५३ शर्यती धावला, एकही जिंकला नाही. १९७८ ला डोव्हरला एकदा पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली, तेवढीच. १९९१ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला शर्यत चालू असतानाच तो गेला. नवीन मुलांना मी हे दोन आकडे आधी सांगतो. ते ऐकूनही ज्याचे डोळे चमकतात, त्याच्याशी पुढचं बोलतो.

सुरुवातीचा रस्ता तसा ठरलेला आहे. आठव्या वर्षापासून बँडोलेरो ही मुलांची छोटी रेस गाडी, मग लेजंड कार. लेजंड म्हणजे जुन्या मोटारीच्या आकाराची, पण पाच-अष्टमांश मापाची गाडी, आत मोटरसायकलचं इंजिन. मग लेट मॉडेल, आर्का मालिका, आणि पिकअप ट्रकच्या शर्यतींची ट्रक मालिका. लायसन्स एकदम मिळत नाही, आधी छोट्या ट्रॅकची परवानगी, मग दीड मैलाची, मग डेटोना-टॅलाडेगासारख्या सर्वांत मोठ्या ट्रॅकची. नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वन खेळून आला होता, तरी २०१० मध्ये त्यानेही मार्टिन्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर ट्रकनेच सुरुवात केली आणि पहिल्याच शर्यतीत तेरावा आला. त्या वर्षी चाहत्यांनी त्याला ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर निवडलं.

मला हे काम ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मनात मी त्यांना वस्तादच म्हणतो, तालमीत म्हणतात तसं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात मोजपट्टी दिली आणि मागच्या दोन्ही टायरचा घेर मोजायला सांगितला. उजवा टायर इंचभर मोठा निघाला. चूक सापडली म्हणून मी त्यांना दाखवायला गेलो. ते म्हणाले, "गाडी रात्रभर डावीकडेच वळणार आहे. बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आणि मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. दोन्ही सारखी ठेवलीस तर गाडी वळणार कशी?" याला स्टॅगर म्हणतात. तो अर्ध्या इंचाने चुकला की ड्रायव्हरची सगळी संध्याकाळ वाया जाते.

वस्तादांचं खरं कसब रेडिओवर ऐकू यायचं. हरलेला नवशिका गाडीतून उतरून म्हणतो, "गाडी वाईट होती." क्रू चीफने, म्हणजे गाडीची जुळणी ठरवणाऱ्या टीमच्या प्रमुखाने, त्यावर काय करायचं? वस्ताद एकाच वळणाचे तीन तुकडे करायचे. शिरताना ठीक, मध्यावर टाइट, बाहेर पडताना लूज. टाइट म्हणजे पुढची चाकं वळायला तयार नाहीत, लूज म्हणजे मागचा भाग निसटतोय. हे तीन शब्द बरोबर आले की वेज, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण बदलणारा स्क्रू, किती फिरवायचा, टायरची हवा किती कमी करायची हे पाच सेकंदांत ठरतं. छोट्या टीमकडे संगणक चालवणारे इंजिनिअर नसतात, तिथे ड्रायव्हरचं बूड हेच यंत्र. म्हणून मी मुलांना सांगतो, प्रत्येक प्रॅक्टिसनंतर वही काढा, शिरताना-मध्यावर-बाहेर असे तीन रकाने आखा आणि हेल्मेट काढल्यावर पाणी पिण्याआधी ते भरा.

दुसरं कसब मागे पडल्यावर लागतं. टीव्हीवर वाटतं की एक लॅप मागे पडलेला ड्रायव्हर नुसता फिरत असतो. २००३ पासून नियम असा आहे की पिवळा झेंडा, म्हणजे धोक्यामुळे सगळ्यांना हळू चालवायची खूण, आला की मागे पडलेल्यांत जो सर्वांत पुढे असेल त्याला एक लॅप परत मिळतो. गॅरेजमध्ये त्याला लकी डॉग म्हणतात. त्यामुळे चोविसावा आणि पंचविसावा यांच्यात खरी, जिवावर उदार झालेली शर्यत चालू असते, आणि तीही मागून येणाऱ्या आघाडीच्या गाड्यांना वाट देत देत. ओलांडून जाणाऱ्याला योग्य बाजू सोडणं ही केवळ सभ्यता नाही. आज ज्याला तुम्ही अडवलं त्याच्याच टीमकडे पुढच्या वर्षी जागा रिकामी होते. ट्रॅकवर गेलात तर टीमचा रेडिओ ऐकवणारा स्कॅनर भाड्याने घ्या आणि अख्खी शर्यत अठ्ठाविसाव्या नंबरच्या ड्रायव्हरचा रेडिओ ऐका. एका रात्रीत जितकं कळेल तितकं वर्षभर टीव्ही बघून कळणार नाही.

आणि गाडी अखंड परत आणणं. श्रीमंत टीमची गाडी ठोकली की दुसरी तयार असते. छोट्या टीमच्या मालकाला ठोकलेली गाडी म्हणजे पुढच्या तीन शर्यती बंद. वस्तादांना फोन यायचे ते याचसाठी.

आता पैसा. हा भाग मला सांगायला आवडत नाही, पण आईवडिलांनी तो नीट ऐकावा. खालच्या पायऱ्यांवर आज बहुतेक जागा स्पॉन्सर आणणाऱ्याला मिळतात. एका ट्रक शर्यतीसाठी वस्तादांचं बोलणं पक्कं झालं होतं. त्यांनी रेस गाडीत बसवायची आपली सीट पिकअपमध्ये टाकली, मी सोबत गेलो. गुरुवारी दुपारी वाटेतल्या पेट्रोल पंपावर फोन आला, दुसरा एक मुलगा पैसे घेऊन आलाय. वस्तादांनी पिकअप वळवला. त्या दिवशी पुढचे दोन तास ते मला मार्टिन्सव्हिलच्या वळणात ब्रेक कसे जपायचे हेच शिकवत होते. त्या टीमवर माझा राग अजून आहे.

वरच्या मालिकांत काही वर्षं एक प्रकार चालायचा, स्टार्ट अँड पार्क. शर्यत सुरू करायची, थोडे लॅप मारून गाडी आत आणायची, टायर आणि इंजिन वाचवायचं आणि शेवटच्या नंबरचं बक्षीस घ्यायचं. लोक हसायचे. पण त्यातून टीमच्या माणसांचे पगार निघायचे. छोट्या माणसाला चूक परवडत नाही हे कार्ल लाँगच्या बाबतीत दिसलं. २००९ मध्ये शार्लटला त्याच्या गाडीचं विकत आणलेलं इंजिन ३५८ घन इंचांच्या मर्यादेपेक्षा जेमतेम ०.१७ घन इंचाने मोठं निघालं. दंड झाला दोन लाख डॉलर. ज्या टीमकडे नवे टायर घ्यायलाही पैसे नसायचे, तिला.

मायकल मॅकडॉवेलनेही स्टार्ट अँड पार्कमध्ये वर्षं काढली. २००८ मध्ये टेक्सासला पात्रता फेरीत त्याची गाडी भिंतीवर आदळून कितीतरी वेळा उलटली, आणि तो चालत बाहेर आला. त्याच्या सात वर्षं आधी डेटोनाला नावाजलेला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट अपघातात गेला होता, त्यानंतर मान आणि डोकं सांभाळणारं हॅन्ससारखं उपकरण सक्तीचं झालं आणि ट्रॅकच्या भिंतींना धक्का शोषणारं आवरण लागलं. २०२१ च्या डेटोना ५०० मध्ये, मध्यरात्र उलटल्यावर, शेवटच्या लॅपला पुढचे दोघे एकमेकांत अडकले आणि मॅकडॉवेल मधून निघाला. ३५८वी शर्यत, पहिला विजय. त्याच शर्यतीत ६२ वर्षांचा डेरिक कोपही धावत होता, ज्याने १९९० मध्ये हीच शर्यत जिंकली होती. मी घरी सोफ्यावर उभा राहून ओरडलो, बायको उठून बाहेर आली. वस्तादांचा फोन लागत नव्हता. सकाळी कळलं, ते त्या वेळी मॅकडॉवेललाच मेसेज लिहीत बसले होते.

ज्यांना खरंच सुरुवात करायची आहे त्यांनी शनिवारी दुपारी हिकरीला यावं. गाड्या उभ्या असतात तिथे जायचा पिट पास विकत मिळतो. पायात बंद बूट हवेत, कुठल्याही गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. स्वतःचं हेल्मेट आणि हॅन्स सोडून आधी काही विकत घेऊ नका. बेल्ट जुने घेऊच नका, त्यावरची तारीख बघा, दोन वर्षांनी ते बाद होतात. आधी कुणाच्या तरी टीमला टायरवरचं चिकटलेलं रबर खरवडायला मदत करा. आम्ही दुसऱ्या वळणाच्या बाजूला असतो, पांढरा ट्रेलर. मोजपट्टी माझ्याकडे आहे.